बाहेरचं आणि आतलं

"आवं सिस्टर, जरा घराकडं येता का? लेकीला बाहेरचं झालंय वाटतं."

नोकरीच्या काळात सातारा जिल्ह्यातल्या वडूजला आणि आसपासच्या गावांत हे वाक्य मी इतकं ऐकलं, की निरोप्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत मी चपला शोधायला लागायचे. माझ्याकडे यायला लोकांना दोन कारणं होती. मी सरकारी दवाखान्यातली नर्स आणि धर्माने ख्रिस्ती. सुईगोळीही मिळेल आणि येशूची प्रार्थनाही. देवर्षी, दर्गा, देवळं करून थकलेल्या घराला दोन्ही एकाच बाईकडे मिळालं तर एसटीचं भाडं तरी वाचायचं.

मला मात्र या दोन कामांत अंतर राखणं सोपं गेलं नाही. अंगावर युनिफॉर्म असताना प्रार्थना करायची नाही, असा नियम मी माझ्यापुरता घालून घेतला होता. दवाखाना सरकारचा, म्हणजे सगळ्यांचा. तिथे आलेल्या माणसाला औषधाच्या पुडीत माझा देव बांधून द्यायचा नाही. कोणी म्हटलंच तर ड्यूटी संपल्यावर, साध्या साडीत, त्यांच्या घरी. काही जणांना हे पटायचं नाही. आमच्याच मंडळीतले एक वडीलधारे म्हणायचे, साक्ष द्यायला वेळकाळ कसला बघायचा? मी त्यांना सांगायचे, रात्रपाळीत झोप न काढणं हीसुद्धा साक्षच आहे.

लढाईची भाषा मी घरातूनच शिकले. माझे आजोबा मुक्तिफौजेचे, म्हणजे सॅल्व्हेशन आर्मीचे. विल्यम बूथने 1865 मध्ये लंडनच्या गरीब वस्तीत काम सुरू केलं आणि 1878 मध्ये त्याला फौजेचं नाव दिलं. त्याचे लोक 1882 मध्ये मुंबईत उतरले. त्यांचा पुढारी फ्रेडरिक टकर आयसीएसची नोकरी सोडून आलेला होता. त्याने फकीर सिंग असं नाव घेतलं, देशी कपडे घातले आणि अनवाणी हिंडला. मुंबईच्या रस्त्यावर वाजतगाजत मिरवणूक काढली म्हणून त्या लोकांना अटकही झाली. आजोबा हे सगळं असं सांगायचे, जणू स्वतः ढोल घेऊन त्या मिरवणुकीत होते. त्या मंडळीत पाळकाला कॅप्टन, मेजर म्हणतात आणि सभासद म्हणजे सैनिक. सैनिक होताना दारू-तंबाखू सोडल्याची शपथ घ्यावी लागते. त्यामुळे लहानपणी माझ्या डोक्यात सैतान म्हणजे समोरून चाल करून येणारा कोणीतरी होता आणि आम्ही झेंडा घेऊन त्याच्या अंगावर जाणारे.

मिरजेला नर्सिंग शिकायला गेले तेव्हा हे चित्र हलायला लागलं. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी 1894 मध्ये सुरू केलेल्या त्या दवाखान्यात सकाळी प्रार्थना व्हायची आणि मग वॉर्ड सुरू व्हायचा. प्रार्थना मनापासून व्हायची, पण हात धुतल्याशिवाय ड्रेसिंगला कोणी हात लावायचा नाही. देवावर भरवसा आहे म्हणून उकळलेल्या सुईची गरज नाही, असं तिथे कोणाच्या मनातही येत नसे. पुढे आयुष्यभर पुरलेलं शिक्षण हेच.

वडूजला रुजू झाल्यावर 'बाहेरचं' झालेली माणसं प्रत्यक्ष बघायला मिळाली. त्यातल्या कितीतरी जणांना मिरगी होती. काही बाळंतिणी होत्या. बाळ पंधरा दिवसांचं, आई रात्रभर जागी, भिंतीशी बोलतेय, बाळाला ओळखत नाही. घरातले म्हणतात ओली बाळंतीण तिन्हीसांजेला येरळेच्या काठी गेली होती. एका घरी म्हातारे आजोबा घामाघूम होऊन बरळत होते, भोवती उदबत्त्या आणि लिंबं. ते मधुमेहाच्या गोळ्या घ्यायचे आणि त्या दिवशी जेवले नव्हते. साखरपाणी पाजल्यावर थोड्या वेळाने उठून बसले आणि इतकी माणसं कशाला जमलीत म्हणून विचारायला लागले. बाहेर आल्यावर एक बाई माझ्या पाया पडायला वाकली. मी मागे सरले. साखरेचं श्रेय येशूने घ्यावं असं मला तरी वाटत नव्हतं.

प्रार्थनेला डोक्यावर हात ठेवायचा, पण त्याआधी नाडीवर, ही माझी पद्धत तिथेच पडली. ताप, रक्तदाब, शेवटचं जेवण, शेवटची पाळी, कुठल्या गोळ्या चालू आहेत, कुठल्या बंद केल्या, हे सगळं विचारून झाल्यावर मग डोळे मिटायचे.

पण सगळं नाडीत सापडतं असंही नाही. खटाव-माण, खानापूर-आटपाडी हा पट्टा दुष्काळी. इथले पुरुष पिढ्यान्पिढ्या गलाईच्या धंद्यात बाहेर पडलेले. सोनंचांदी गाळायला, शुद्ध करायला कोणी केरळात, कोणी तमिळनाडूत, कोणी पार उत्तरेत. भट्टी, तेजाबाचा धूर आणि वर्षा-दोन वर्षांतून एकदा गावाकडे चक्कर. मागे घरात म्हातारी माणसं आणि तरण्या सुना. यातल्या एका सुनेच्या अंगात यायचं. दर अमावस्येला केस सोडून घुमायची आणि घुमताना सासूला अरेतुरे करायची. एरवी मान वर न करणारी पोर. सासू घाबरलेली, पण मला त्या घाबरण्यात थोडा मानही दिसला. अमावस्येच्या दिवशी त्या घरात सुनेला कोणी कामाला लावत नव्हतं.

मी गेले तेव्हा घुमणं थांबलं होतं. सगळ्यांना बाहेर बसवलं आणि तिच्याशेजारी नुसती बसून राहिले. प्रार्थना केली नाही. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "सिस्टर, त्येंचा फोन दर आयतवारी येतो. पर आत्याबाईच बोलत्यात. माज्या हातात फोन येस्तोवर पैसं संपत्यात."

एवढंच. लग्नाला तीन वर्षं झालेली आणि नवऱ्याचा आवाजही कानी पडत नव्हता. पुढच्या खेपेला मी सासूला म्हटलं, मावशी, डॉक्टरांच्या वतीने मला तुमच्या लेकाशी बोलायचंय, नंबर द्या. एसटीडी बूथवरून फोन लावला. पलीकडचा मुलगा आधी रागावला, मग बराच वेळ गप्प झाला. दिवाळीला आला आणि जाताना तिला बरोबर घेऊन गेला. पुढे तिच्या अंगात आलं का, ते कळलं नाही. मंडळीत मी ही गोष्ट सांगितली तेव्हा एकाने विचारलं, मग येशूचं नाव कुठे आलं यात? मी म्हटलं, माझ्या मनात होतं. तो काही खूष झाला नाही.

साताऱ्याच्या माणसांना अंधश्रद्धेविरुद्धच्या लढ्याची ओळख करून द्यायला नको. डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचेच. दारूच्या रोग्यांसाठीचं 'परिवर्तन' हे केंद्रही त्यांच्याच कामातून उभं राहिलं. आमच्या मंडळीतले काही लोक त्यांचं नाव निघालं की तोंड वाकडं करायचे, देव न मानणारा माणूस म्हणून. मला ते कधी जमलं नाही. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात त्यांचा खून झाला, तेव्हा त्या रविवारी मी प्रार्थनेत त्यांच्या कुटुंबाचं नाव घेतलं. मागून कोणी 'आमेन' म्हणालं नाही. त्याच वर्षी डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवायचं म्हणून माणसाला बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं आणि साप, विंचू, कुत्रा चावल्यावर औषधोपचाराला आडकाठी करून मंत्रतंत्र करणं हे त्या कायद्याने गुन्हा ठरवलं. कायदा धर्म बघत नाही. आमच्यातल्या काहींना तो आपल्यावर रोखलेला वाटला, मला तो आपल्यासाठी केलेला वाटला.

कारण तोवर आमच्याकडे नव्या धाटणीचे प्रचारक यायला लागले होते. मांडव, मोठे स्पीकर, तेलाच्या बाटल्या, आणि सर्दीपासून कर्जापर्यंत प्रत्येक गोष्टीचा एक वेगळा दुरात्मा. अशाच एका सभेत एक मुलगी थरथरायला लागली. पाहुण्या प्रचारकाने तिच्या केसांना धरून तिचं डोकं मागे खेचलं आणि ओरडायला लागला, निघ, निघ. लोक टाळ्या वाजवत होते. मी पुढे जाऊन त्याचं मनगट धरलं. नर्सच्या हातात तेवढी ताकद असते, अवघड पेशंट धरून धरून आलेली. मी त्याला हळू आवाजात म्हटलं, "भाऊ, केस सोडा. सैतान केसांत नसतो." त्याने सोडले. नंतर माझ्याबद्दल तिथे काय काय बोललं गेलं ते चार दिवसांत माझ्यापर्यंत पोचलं. सिस्टरमध्येच विरोधी आत्मा आहे, असा त्याचा मथितार्थ. मुलगी कोणाची, तिला काय झालं होतं, हे विचारायची तसदी कोणीच घेतली नव्हती. तिला आकड्या यायच्या. आधीच्या सभेत 'बरी झालीस' असं सांगितलं म्हणून आईने तिच्या गोळ्या बंद केल्या होत्या.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते, नाहीतर मी सगळंच औषधावर नेतेय असं वाटेल. मी सैतान मानते. माणसाच्या सवयी, त्याचं बालपण, त्याची गरिबी या सगळ्याची बेरीज करूनही काही दुष्टपणा शिल्लक उरतो आणि त्याला दुसरं नाव मला सापडलेलं नाही. मूल मुलगी आहे म्हणून तान्ह्या बाळाला दूध न पाजता झोपवून ठेवलेलं मी बघितलंय, आणि ते करणारी आजी शांतपणे तांदूळ निवडत बसलेली. तिच्या अंगात काही आलं नव्हतं, ती घुमत नव्हती. तिच्यासाठी कोणी मला बोलावलंही नव्हतं, मी दुसऱ्याच कामाला गेले होते. बाळाला उचलून आईच्या छातीशी लावलं, आणि मग महिनाभर त्या घरी वजन करायच्या निमित्ताने जात राहिले. आजीशी मी कधी भांडले नाही. भांडले असते तर माझ्यामागे बाळाची आई एकटी उरली असती.

इफिसकरांस लिहिलेल्या पत्राचा सहावा अध्याय आमच्याकडे लहान मुलांनाही पाठ असतो. शिरस्त्राण, उरस्त्राण, ढाल, तलवार. संडे स्कूलमध्ये आम्ही पुठ्ठ्याची चिलखतं करायचो. मोठेपणी तो उतारा सावकाश वाचला तेव्हा लक्षात आलं, की पौल त्यात धावून जायला कुठे सांगतच नाही, टिकून उभं राहा एवढंच पुन्हापुन्हा सांगतो. शिवाय आपलं झगडणं रक्तामांसाच्या माणसांशी नाही, हेही तिथेच आहे. वडूजच्या माणसाला हे निराळं समजवायला नको. 9 सप्टेंबर 1942 ला इथल्या तहसील कचेरीवर तिरंगा घेऊन मोर्चा निघाला, गोळीबार झाला आणि नऊ जण हुतात्मा झाले. पुढे होते परशुराम घार्गे. त्या दिवसाची वर्णनं मी म्हाताऱ्या माणसांकडून ऐकली आहेत. त्यात शौर्याच्या गप्पा कमी आणि उभं राहण्याचं वर्णन जास्त असायचं. आजोबांच्या ढोलापेक्षा मला हे चित्र पुढे जास्त उपयोगी पडलं.

दारूच्या बाबतीत तर फारच. आमच्या मंडळीतला एक माणूस, चांगला गवंडी, दरवर्षी गुड फ्रायडेला रडून दारू सोडायचा आणि पावसाळ्याच्या आत पुन्हा धरायचा. लोक म्हणायचे दारूचा आत्मा आहे, उपास-प्रार्थना करू. केली. मीही बसले. मग त्याच्या बायकोला म्हटलं, वहिनी, आता त्याला साताऱ्याच्या 'परिवर्तन'मध्ये घेऊन जाऊ, तिथे त्याच्याबरोबर तुम्हालाही बसावं लागेल. तिला आधी राग आला, पितो तो आणि उपचार मला? पण गेली. तो सुटला, परत घसरला, पुन्हा गेला. शेवटी जे टिकलं त्यात प्रार्थनेचा वाटा होता असं तो सांगतो, गोळ्यांचा होता असं बायको सांगते, आणि मला विचाराल तर पगार रोख न देता बायकोच्या खात्यावर भरणाऱ्या मुकादमाचा वाटा दोघांहून जास्त होता. तो मुकादम पुसेगावच्या सेवागिरी महाराजांचा भक्त.

उपासावरून आठवलं. आमच्याकडे शुक्रवारचा उपास बायका फार निष्ठेने करतात. त्यांतल्या निम्म्यांच्या पापण्या उलट्या करून बघितल्या तर आत पांढरं. गरोदर बाईने, दूध पाजणाऱ्या आईने, मधुमेहाच्या रोग्याने उपास करायचा नाही, हे मी सभेत उभं राहून सांगायला लागले. पाळकसाहेबांनी पाठिंबा दिला म्हणून निभावलं. लोहाच्या गोळ्या घेणं हा तुमचा उपास, असं ते एकदा वेदीवरून म्हणाले. बायका हसल्या, पण गोळ्या घ्यायला लागल्या.

रोजच्या लढाया कशा असतात ते मला कळलं लक्ष्मीबाई टिळकांमुळे. त्यांचे यजमान रेव्हरंड टिळक यांचा बाप्तिस्मा 1895 चा, लक्ष्मीबाईंचा 1900 चा. मधली पाच वर्षं 'स्मृतिचित्रे'मध्ये वाचली की दिसतं, झगडा काही येशूला मानायचं की नाही एवढाच नव्हता. कोणाच्या हातचं पाणी प्यायचं, कोणाला चुलीपाशी येऊ द्यायचं, हा होता. तो घशाशी आणि हंड्याशी चाललेला झगडा होता. टिळक शेवटची वर्षं साताऱ्यालाच होते. 1917 मध्ये मिशनचा पगार सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला, बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही एकत्र बसवणारा. दोन वर्षांत ते गेले. टिळकांनी पगार सोडून देणं आणि लक्ष्मीबाईंनी पहिल्यांदा कोणाच्याही हातचं पाणी पिणं, यात मला तरी पाण्याचीच लढाई मोठी वाटते. तिथे टाळ्या वाजवायला कोणी नव्हतं.

आमच्याकडच्या बहुतेक ख्रिस्ती घरांना हंड्याचा प्रश्न उलट्या बाजूने ठाऊक आहे. आमचे पूर्वज पाणी न मिळणाऱ्यांतले. आता प्रश्न दाखल्याचा असतो. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीच्या सवलती फक्त हिंदूंना ठेवल्या. पुढे 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आले नाहीत. त्यामुळे कितीतरी घरांत शाळेच्या दाखल्यावर एक धर्म आणि मंडळीच्या वहीत दुसरा. आमच्यातला एक हुशार मुलगा बारावी झाल्यावर माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सिस्टर, खोटं लिहिणं पाप. पण खरं लिहिल्यावर आजोबांची जात पुसली जाते का? गावात तर नाही पुसली." मी त्याला चहा दिला. दुसरं काही देण्यासारखं नव्हतं. त्याने तो रकाना मोकळा सोडून फॉर्म भरला, त्याच्या धाकट्या भावाचा वडिलांनी भरला, आणि दोघे भाऊ एकाच बाकावर बसून उपासना करतात. कोणाचा विश्वास खरा हे ठरवायला मला कोणी सांगू नये.

मंडळीच्या आतल्या लढायांबद्दल कमी बोललेलं बरं. दोन घरं शेताच्या बांधावरून बोलत नव्हती, आणि प्रभुभोजनाच्या दिवशी एक घर आलं की दुसरं उठून जायचं. दोघांच्या मते समोरच्यात सैतान. एका घरच्या मुलाला डेंग्यू होऊन साताऱ्याला हलवला, तेव्हा दुसऱ्या घरातून डबा गेला, बाईच्या हातून, नवऱ्याला न सांगता. आता बोलतात. बांधाची केस मात्र चालूच आहे.

माझे यजमान गेले त्यानंतर बरेच महिने मला प्रार्थना येत नव्हती. शब्द यायचे, पण ते कोणाशी बोलतेय असं वाटायचं नाही. लोक प्रेमाने येत आणि म्हणत, सिस्टर, हा शत्रूचा हल्ला आहे, त्याला धमकावा. मला ते ऐकून आणखी एकटं वाटायचं. नवरा गेलेल्या बाईला रडू येतं, त्यासाठी सैतान लागत नाही. त्या दिवसांत मी स्तोत्रसंहिता मोठ्याने वाचायचे. त्यात 88वं स्तोत्र आहे, ते शेवटपर्यंत वर येतच नाही, अंधारातच संपतं. ज्यांनी पवित्र शास्त्र एकत्र बांधलं त्यांनी ते गाळलं नाही याचं मला फार बरं वाटलं. शेजारच्या काकू गोंदवल्याच्या महाराजांच्या. त्या संध्याकाळी जपमाळ घेऊन माझ्या ओसरीवर बसायच्या. मी वाचायचे, त्या नाम घ्यायच्या. आमच्यात धर्मावर कधी बोलणं झालं नाही, गुडघेदुखीवर झालं.

निवृत्त झाल्यावरही निरोप येतात, आता मोबाइलवर. हल्लीचे तरुण पाळक उत्साही आहेत, गिटार, ड्रमसेट सगळं आणलंय. त्यांनी मला तरुणांना आध्यात्मिक युद्ध या विषयावर शिकवायला बोलावलं. मी अट घातली, की प्रार्थनेच्या खोलीत एक बीपीचं मशीन, एक साखर तपासायचं यंत्र आणि सिव्हिलचा फोन नंबर मोठ्या अक्षरांत भिंतीवर असेल तरच येईन. ते म्हणाले, सिस्टर, याने लोकांचा विश्वास डळमळेल. मी म्हटलं, पट्टा फुगेपर्यंत तुम्ही प्रार्थना करा की, कोण अडवतंय? मशीन आलंय. नंबर अजून लावलेला नाही, भिंतीला रंग द्यायचा राहिलाय म्हणतात.